घडीचा ॲल्युमिनियम वॉकर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

वॉकर मोडला नाही. त्याच्या मागच्या एका पायाचं रबर आतून कापलं गेलं, नळीची कड बाहेर आली आणि मोरीच्या ओल्या लादीवर तो पाय सटकला. आजींच्या हाताला दाराची चौकट लागली म्हणून त्या पडल्या नाहीत. मी दुकानात जाऊन रबर मागितलं, तर उत्तर मिळालं, ‘‘ताई, सुटं रबर येत नाही. नवीन वॉकर न्या.’’ ₹1,250 ची वस्तू. सांधे घट्ट, बटणं ठीक, मुठी शाबूत. चार रबरांसाठी ती भंगारात टाकायची? त्या संतापातच हे लिहायला घेतलं.

मी डोंबिवलीत एका छोट्या संस्थेसाठी घरोघरी जाते. एकटी राहणारी वयस्कर माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या पद्धतीने राहू शकावीत, हे आमचं काम. आंघोळ घालण्यापेक्षा त्यांना ती स्वतः करता यावी याची सोय करणं जास्त महत्त्वाचं. त्यामुळे हा वॉकर मी एका नाही, बऱ्याच घरांत पाहते. चार पाय, मध्ये घडीचं बटण, उंची कमीजास्त करायला भोकं. सगळ्यांना माहीत आहे, वर्णन करत बसत नाही.

आधी चांगलं सांगते. हलका आहे. घडी करून रिक्षात मागे राहतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एका हाताने वर नेता येतो. मोरीत पडता पडता वाचलेल्या त्या आजी दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मुलाला त्यांना सांभाळायला दिवसरात्रीची बाई ठेवायची होती, आजींना घरात परकं माणूस नको होतं. वाद रात्रीच्या संडासावरून होता. पलंगाजवळ वॉकर आला, संडासापर्यंत रात्रभर एक दिवा जळता ठेवला आणि बाईचा विषय संपला. ‘‘मला कुणाला हाक मारावी लागत नाही,’’ असं त्या मला चार वेळा तरी म्हणाल्या असतील. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या वस्तूला पैकीच्या पैकी द्यायला तयार होते.

उंचीचं मात्र दुकानात कुणीच बघत नाही. माणूस सरळ उभा, हात खाली सोडलेले, तेव्हा मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. धरल्यावर कोपर थोडं वाकतं, तेवढंच. आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात, म्हणून माप अनवाणीच घ्या. खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. दोनतीन दिवस कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलं की जमतं.

आता रबर. दुकानदार याला बुश म्हणतात. अख्ख्या वॉकरमध्ये जमिनीला टेकतात ती फक्त हीच चार रबरं, आणि कंपनीने सर्वांत कमी पैसे इथेच घातलेत. चांगल्या रबराच्या तळाशी आतून लोखंडी चकती असते, नळीची धार त्या चकतीवर बसते. या वॉकरच्या रबरात चकतीच नाही. धार थेट रबरावर, वर माणसाचा भार. रबर आतून कापलं जाणारच, आणि बाहेरून ते दिसतही नाही. बाहेरच्या खाचा घासून सपाट झाल्या की निदान डोळ्यांना कळतं. आतली जखम रबर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी आता प्रत्येक भेटीत रबरं काढून आतून बोट फिरवते.

त्यात आपल्या मोऱ्यांचे उंबरे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा उंच बांधलेला असतो. पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, आणि सगळा जोर रबराच्या एका कडेवर. साबणाचं पाणी रोजचंच. कंपनीने कुठल्याही जुन्या इमारतीत वॉकर आठवडाभर चालवून पाहिला असता तर हे लक्षात आलं असतं.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. रबर वॉरंटीत येत नाही म्हणाले. वॉरंटीत नको, विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग विकत नाही. मेलला उत्तरच नाही. शेवटी सीएसएमटीला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. तिथे सर्जिकल सामानाच्या दुकानात चकतीवाली रबरं मिळाली, ₹40 ला एक. नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्या. 22, 25 आणि 28 मिमी अशी मापं येतात, आणि सैल बसलेलं रबर घातक. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळायची, घेर मोजायचा आणि 3.14 ने भागायचं.

एका बाबतीत माझं मत बदललं. पुढे दोन चाकं असलेल्या वॉकरला मी सुरुवातीपासून विरोध करत होते. लादीवर चाक म्हणजे घसरगुंडी, असं वाटायचं. पण कंपवात असलेल्या एका आजोबांना हा चार रबरांचा वॉकर दिला, तर तो उचलला की ते जागच्या जागी थिजायचे आणि तोल मागे जायचा. फिजिओथेरपिस्टने पुढे चाकं असलेला सुचवला. आता उचलायचं कामच नाही, पावलं सलग पडतात. तेव्हा कंपवात असेल तर साधा वॉकर घेऊन येऊ नका, आधी फिजिओला विचारा. बाकीच्यांसाठी माझी पसंती अजूनही चार रबरांनाच.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच ₹3,000 खात्यात मिळतात. त्यात घडीचा वॉकर बसतो, कमोड खुर्चीही बसते. केंद्राच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत तर शिबिरात वस्तूच हातात देतात. दोन्ही चांगल्या योजना आहेत, मी स्वतः अर्ज भरून देते. पण पैसे एकदाच येतात आणि रबर झिजत राहतं. वर्षभराने ते कोण बघणार? शिबिरात प्रत्येक वॉकरबरोबर चार जादा रबरं दिली तर किती खर्च वाढेल? खुब्याच्या हाडाच्या एका ऑपरेशनच्या पैशात अख्ख्या वॉर्डाला रबरं पुरतील. आणि खुबा मोडलेली किती माणसं परत एकटी राहू शकतात, हे आम्ही रोज बघतो.

तर वॉकर घ्या, पण दुकानातच रबर काढून आत चकती आहे का ते बघा. नसेल तर त्याच दिवशी चकतीवाली रबरं बसवा. जुनी फेकून द्या, जपून ठेवू नका, कारण घरातलं कुणीतरी ती परत बसवतं. माझ्याकडे 25 आणि 28 ची आहेत. 22 मिमीची चकतीवाली रबरं कल्याण-डोंबिवलीत कुठे मिळत असतील तर दुकान कळवा, दोन घरांत तातडीने हवी आहेत.