लहान विद्यापीठातले कला-डिझाइनचे शिक्षण : दहा महिन्यांच्या अनुभवानंतर

कला आणि डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी एका लहान विद्यापीठात प्रवेश घेतला, त्याला आता दहा महिने झाले. दोन सत्रे संपली आहेत, दुसऱ्या सत्राचे मूल्यमापन गेल्या आठवड्यात पार पडले, आणि निकाल लागण्याआधीच हा अनुभव लिहून काढावा असे ठरवले, कारण गुण एकदा हातात पडले की मागच्या सगळ्या महिन्यांना त्या गुणांचाच रंग चढतो. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही. एखाद्या संस्थेची तक्रार किंवा जाहिरात म्हणून हे वाचले जाऊ नये. कलाशिक्षणात ‘लहान’ या शब्दाचा रोजच्या व्यवहारात काय अर्थ होतो, एवढेच मला सांगायचे आहे. आमच्या वर्गात १९ विद्यार्थी आहेत, पूर्णवेळ शिकवणारे ४ शिक्षक आहेत, कार्यशाळांचा भार सांभाळणारा तंत्रसाहाय्यक एकच आहे, आणि भट्टीही एकच. पुढे जे काही बरेवाईट लिहिले आहे ते बहुतेक या आकड्यांतूनच निघालेले आहे.

सर्वांत मोठा फरक जाणवला तो साप्ताहिक समीक्षा सत्रात, ज्याला आम्ही सगळे नुसते ‘क्रिट’ म्हणतो. दर शुक्रवारी आठवड्याचे काम भिंतीवर लागते आणि प्रत्येकाच्या कामावर साधारण दहा मिनिटे बोलले जाते. म्हणजे तीन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ जातो, पण कोणीही वगळले जात नाही. मोठ्या संस्थेत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गात साठ जण आहेत. तिथे प्रत्येक वेळी निवडक दहा-बारा कामांवरच चर्चा होते आणि बाकीच्यांना शेरा लिहिलेला कागद मिळतो. पहिल्या महिन्यात मला तिचा हेवा वाटत असे. आठवडाभरात मनासारखे काम झाले नसेल तर तिला मागच्या रांगेत बसून राहता येते. आमच्याकडे मागची रांगच नाही.

त्या दहा मिनिटांत काय होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. तिसऱ्या आठवड्यात मी कोळशाने एक वस्तुचित्र काढले होते : सुरई, दोन पेट्या आणि मागे लोंबणारे कापड. सुरईच्या गोलाईवर मी चार तास घालवले होते आणि ती चांगली साधली आहे याची मला खात्री होती. मॅडमनी बराच वेळ काही न बोलता पाहिले, मग एक कोरा कागद उचलून चित्राच्या वरच्या भागावर धरला आणि म्हणाल्या, “आता बघ.” कापडाची गडद घडी झाकली जाताच सुरई अचानक पुढे आली. कागद काढला की पुन्हा मागे गेली. मी सुरईत शोधत होतो तो दोष सुरईत नव्हताच. सर्वांत गडद छटा मी चुकीच्या जागी खर्च केली होती. हे वाक्य मॅडम उच्चारल्यासुद्धा नाहीत. कागद दोन वेळा वर-खाली झाला आणि वर्गातल्या अठरा जणांनी तो दोष माझ्याबरोबरच पाहिला. लेखी शेऱ्यातून हे कळले असते असे मला वाटत नाही.

रंगाचा अभ्यासही असाच हाताने झाला. १९१९ मध्ये जर्मनीत वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत तिथले शिक्षक योहानेस इटेन यांनी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम आखला होता. साहित्य, पोत, आकार आणि रंग यांची आधी हाताला ओळख व्हावी आणि मगच विद्यार्थ्याने विशिष्ट कार्यशाळेत जावे, ही त्यामागची कल्पना. जगभरातल्या कलाशाळांत आज जे पायाभूत वर्ष असते त्याच्यावर या कल्पनेची छाप आहे, आणि आमचे पहिले सत्रही जवळजवळ तसेच होते. रंगासाठी मात्र आम्ही योझेफ अल्बर्स (बाउहाउसमधलेच एक शिक्षक, चौकोनांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध) यांच्या पद्धतीचे सराव केले, ज्यांत रंगपेटी बाजूला ठेवून रंगीत कागद कापून काम करायचे असते. कारण साधे आहे : रंग कालवला की दुसऱ्या वेळी तोच रंग नेमका मिळत नाही, कागदाचा तुकडा मात्र कितीही वेळा कापला तरी तोच राहतो. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून ते दोन वेगळे रंग वाटतील असे करायचे, हा पहिला सराव. मला जमायला सहा दिवस लागले. जमल्यावरही शेजारच्या विद्यार्थ्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने स्वतः दोन्ही चौकोन उचलून एकमेकांवर ठेवून पाहिले. त्या दिवसापासून ‘हा रंग कोणता?’ हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी एकटा विचारत नाही, ‘कशाशेजारी?’ हे लगेच जोडून येते.

आता कार्यशाळांविषयी, कारण प्रवेश घेताना मी याच बाबतीत सर्वांत जास्त फसलो. माहितीपुस्तिकेत भट्टी, स्क्रीन प्रिंटिंगची टेबले, सुतारकामाची यंत्रे या सर्वांची छायाचित्रे होती आणि ती सर्व साधने प्रत्यक्षातही आहेत. मी गृहीत धरले होते की विद्यार्थी कमी म्हणजे साधने जास्त वेळ वाट्याला येतील. स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलाबाबत हे खरे ठरले. भट्टीबाबत नेमके उलटे झाले. मातीच्या भांड्यांचे पहिले भाजणे साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि तापमान सुरुवातीला फार हळू वाढवावे लागते, कारण आधी मातीतले पाणी जायचे असते आणि ५७३ अंशांना तिच्यातल्या क्वार्ट्झचे एकाएकी प्रसरण होते. घाई केली तर भांडे तडकते किंवा फुटते. तापवणे आणि थंड होऊ देणे मिळून आमच्याकडे दोन दिवस जातात. एवढी वीज अर्ध्या रिकाम्या भट्टीसाठी कोणी जाळत नाही, आणि १९ जणांपैकी मातीकाम घेतलेले सात. सात जणांच्या कामाने भट्टी भरायला कधी तीन आठवडे लागतात, कधी पाच. मोठ्या संस्थेत भट्टीसाठी रांग असते; आमच्याकडे भट्टीच रांग लागण्याची वाट पाहते. परिणामी पहिल्या सत्रात ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावून दुसऱ्यांदा भाजलेली माझी भांडी फक्त चार. ग्लेझ हा चुकांमधून शिकण्याचा विषय आहे, आणि मला चुका करण्याची संधीच चार वेळा मिळाली.

तंत्रसाहाय्यकांविषयी मात्र कितीही लिहिले तरी कमीच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीदार कापडावर, प्रकाशसंवेदक लेप लावून त्यावर आकृतीची फिल्म ठेवतात. प्रकाश पडलेला लेप कडक होतो आणि झाकलेला भाग पाण्याने धुऊन जातो, एवढे मला पुस्तकातून माहीत होते. माझ्या पहिल्या तीन स्क्रीनवरून मात्र आकृतीबरोबर सगळाच लेप धुऊन गेला. दादांनी (आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो) चौथ्या वेळी मला आकृती ठेवूच दिली नाही. त्यांनी स्क्रीनवर काळे पुठ्ठे ठेवले, दर मिनिटाला एक पुठ्ठा बाजूला करायला लावला आणि एकाच स्क्रीनवर एक ते आठ मिनिटांचे पट्टे तयार झाले. पाच मिनिटांपर्यंतचे पट्टे वाहून गेले, सहावा टिकला. मी आधी तीन मिनिटे देत होतो. दिवा जुना झाला आहे, दर सत्राच्या सुरुवातीला हे करून पाहायचे असते, एवढेच ते म्हणाले. याच माणसावर मुद्रणाची, मातीकामाची आणि लाकूडकामाची अशा तिन्ही कार्यशाळांच्या किल्ल्या अवलंबून आहेत. ते फेब्रुवारीत नऊ दिवस रजेवर होते तेव्हा तिन्ही ठिकाणी कुलूप होते, आणि सबमिशनची तारीख मात्र पुढे गेली नाही.

वैकल्पिक विषयांचेही असेच. पुस्तिकेत अकरा विषय छापलेले आहेत; किमान आठ विद्यार्थी असल्याशिवाय विषय सुरू होत नाही, हा नियम त्याच पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. आमच्या वर्षी तीन विषय सुरू झाले. मला अक्षरयोजना (टायपोग्राफी) सविस्तर शिकायची होती, ती एका सत्रातल्या सहा व्याख्यानांत उरकली. अॅनिमेशन तर नाहीच. संगणक कक्ष ठीक आहे, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. छपाईयंत्रावरचा निळा रंग पडद्यावर दिसतो तसा कधीच येत नाही, पण तो दोष विद्यापीठाचा नव्हे, प्रकाशाचे रंग आणि शाईचे रंग यांच्यातल्या अंतराचा आहे.

ज्याची पुस्तिकेत एक ओळही नव्हती असा एक लाभ मात्र झाला. आमच्या इमारतीतच वनस्पतिशास्त्र विभाग आहे. पानांच्या पोताचा अभ्यास करताना मी तिथल्या सरांना सहज विचारले आणि त्यांनी मला दुपारी सूक्ष्मदर्शक वापरू दिला. देठाचा आडवा छेद पाहिल्यावर दोन महिने मी दुसरे काहीच काढले नाही. माझ्या कापडावरच्या छपाईची आकृती तिथूनच आली. मोठ्या संस्थेत यासाठी दोन विभागांची परवानगी आणि तीन अर्ज लागले असते. इथे सर चहाच्या वेळी भेटतात.

माझी सर्वांत गंभीर तक्रार सुविधांबाबत नाही. चार शिक्षक असले की चार आवडीनिवडी असतात, आणि त्यांतला एक आवाज मोठा असला की वर्षाच्या शेवटी एकच आवड उरते. आमच्याकडे डिझाइनचे मुख्य शिक्षक मोकळी जागा, करडा रंग आणि एकाच घाटाचे साधे अक्षर यांचे चाहते आहेत. ते उत्तम शिकवतात, त्यामुळेच धोका जास्त. दुसऱ्या सत्राच्या मूल्यमापनाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाच पोर्टफोलिओ पाहिल्यावर सहावा उघडून मुखपृष्ठावरचे नाव पुन्हा वाचले. त्यांना आधीचाच पुढे सरकवला आहे असे वाटले होते. तो सहावा माझा होता. त्या रात्री मी माझ्या पहिल्या महिन्यातल्या वह्या काढून पाहिल्या. त्यांत केशरी रंग होता, गर्दी होती, वेडीवाकडी अक्षरे होती. ती सगळी चांगली होती असे नाही, पण ती कोणी खोडायला सांगितली नव्हती. मीच हळूहळू सोडून दिली होती, कारण दर शुक्रवारी त्याच भिंतीसमोर त्याच व्यक्तीचा चेहरा दिसत होता आणि तो खुलावा असे वाटत होते.

लहान संस्थेत हे अटळच असते असे मात्र नाही. अमेरिकेत १९३३ ते १९५७ या काळात चाललेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये २४ वर्षांत मिळून सुमारे १,२०० विद्यार्थी होते आणि अल्बर्स यांच्यासारखा कडक शिस्तीचा शिक्षक तिथे १९४९ पर्यंत होता. तरीही त्यांच्याच वर्गातून तारेच्या विणीतून शिल्पे घडवणाऱ्या रूथ असावा बाहेर पडल्या आणि रद्दी, कापड, टायर असे काहीही चित्रात आणणारे रॉबर्ट राउशेनबर्गही. दोघांच्या कामात अल्बर्स यांच्या चित्रांतला चौकोन दिसत नाही. त्या कॉलेजला मान्यता कधीच मिळाली नाही आणि पदवी घेऊन बाहेर पडलेले फार थोडे, हेही सांगितले पाहिजे. आजच्या विद्यार्थ्याला तेवढे परवडणार नाही. पण पाहुणे शिक्षक तिथे सतत येत-जात, उन्हाळी सत्रांत तर विशेषच. आमच्याकडे वर्षभरात बाहेरून दोन व्यक्ती आल्या, त्यांतली एक परीक्षक म्हणून.

कोणी अशा ठिकाणी प्रवेश घेण्याचा विचार करत असेल तर छायाचित्रे पाहू नयेत, वेळापत्रक मागावे. भट्टी आहे का हे न विचारता गेल्या सत्रात ती किती वेळा पेटली ते विचारावे. छापलेल्या विषयांपैकी किती सुरू झाले ते विचारावे. आणि शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांचे काम शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. ज्याला समोरासमोर ऐकून घेण्याची सवय नाही त्याला पहिले तीन महिने जड जातील. ज्याला आधीच ठाऊक आहे की अॅनिमेशन किंवा अक्षरयोजनाच करायची आहे, त्याने मोठी संस्था पाहावी.

मी दुसऱ्या वर्षासाठी इथेच राहणार आहे. पुढच्या सत्रात मार्गदर्शक बदलून मिळावा असा अर्ज दिला आहे आणि मुख्य शिक्षकांनी तो वाचून, काहीसे हसून, स्वतःच सही केली. माझी तीन भांडी अजून कच्चीच फळीवर आहेत. भट्टी भरायला आणखी दोन फळ्या लागतील असे दादा म्हणाले.