‘शासनमान्य ठेकेदार’ आणि माझे १,४१,२५० रुपये

बावीस वर्षं पतसंस्थेत कर्जदारांचे कागद तपासले. कुणाचा सातबारा जुना आहे, कुठल्या जामीनदाराची सही दुसऱ्यानेच ठोकलीय, हे मी टेबलापलीकडून ओळखायचो. त्यामुळे पुढचं लिहिताना हात जड होतोय. पण लिहितो, कारण मला फसवणारा माणूस अजून तालुक्यात फिरतोय आणि गाडीवर ‘शासनमान्य विद्युत ठेकेदार’ हा स्टिकर तसाच आहे.

नोकरी सोडल्यावर हायवेलगत एक गाळा घेतला. दोन लाकडी घाणे आणि एक मसाला कांडप, सगळं मिळून ११ एचपी. म्हणजे थ्री फेज कनेक्शन हवं, गाळ्याचं वायरिंग हवं, आणि वायरिंग केल्याचा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हवा. पाडव्याचा मुहूर्त धरलेला, हातात पाच आठवडे.

आधी एका ओळखीच्या ठेकेदाराकडे गेलो होतो. त्याने सामान-मजुरीसह १,६२,००० सांगितले, वर १८ टक्के जीएसटी २९,१६०. एकूण १,९१,१६०. मला ते महाग वाटलं. हा दुसरा म्हणाला, “काका, बिल कशाला पाहिजे तुम्हाला? सामान ६८,४०० आणि मजुरी ४४,०००, विषय संपला.” मी तिथेच मनात वजाबाकी केली. ७८,७६० वाचत होते. त्या रात्री मी बायकोला हा आकडा दोनदा सांगितला.

आता कुणी म्हणेल, लायसन बघायचं ना. बघितलं हो! प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये होतं, परवाने देणाऱ्या अनुज्ञापक मंडळाचं. झेरॉक्सची झेरॉक्स. फोटो असा काळा पडलेला की माणूस आहे एवढंच कळावं. वैधतेच्या तारखेवर नेमका गोल शिक्का आला होता. नाव वेगळं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणे, “ते आमच्या फर्मचं लायसन आहे, मी साइट बघतो.” खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आपल्याकडे निम्मी कामं अशीच चालतात, लायसन एकाचं, पक्कड दुसऱ्याच्या हातात. शिवाय हा वीज कंपनीच्या ऑफिसात खुर्ची ओढून चहा पिताना मी स्वतः पाहिलेला.

पैसे असे गेले. सामानाचे ६८,४०० पहिल्याच दिवशी. निम्मी मजुरी २२,०००. मग ‘डिमांड आली’, म्हणजे नव्या कनेक्शनचे पैसे भरायची वीज कंपनीची नोट आली, म्हणून ३१,८५०. ‘विद्युत निरीक्षकाची तपासणी फी’ १२,५००. ‘टेस्ट रिपोर्ट आणि लायसनचा खर्च’ ६,५००. बेरीज १,४१,२५०.

यातल्या ३१,८५० पाशी माझी गाडी अजून अडते. मंगळवार होता, दुपारी जेवायला बसलेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर डिमांड नोटचा फोटो आला. वर वीज कंपनीचं चिन्ह, माझं नाव, गाळा नंबर, सगळं बरोबर. खाली त्याचा मेसेज: “आज चारच्या आत भरा नाहीतर पुढच्या महिन्यात जाईल. मी काउंटरवरच आहे, मला टाका.” डाव्या हाताने नंबर टाकला. स्क्रीनवर नाव आलं, कुठल्यातरी जनरल स्टोअर्सचं. मी थांबलो. खरंच थांबलो, घास हातातच राहिला. बायको म्हणाली, “अहो, दुकानाचं नाव का दाखवतंय?” आणि मी तिला म्हणालो, “त्याच्या मेव्हण्याचं असेल, जीएसटीच्या भानगडीमुळे देतात असे नंबर.” त्याने विचारायच्या आधीच मी त्याच्या वतीने खुलासा करून टाकला! पतसंस्थेत एखाद्याने मला हे सांगितलं असतं तर त्याची फाइल मी बाजूला सरकवली असती. वीज कंपनीची डिमांड तिच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर ग्राहक स्वतः भरतो आणि पावती लगेच हातात येते, हे मला ठाऊक होतं. घरचं बिल मी तसंच भरतो की.

पिन टाकला. हात धुतले.

पाडव्याला चार दिवस राहिले आणि फोन लागेना. मीटर नाही, माणूस नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो तर कळलं, माझ्या नावाचा अर्जच तिथे आलेला नाही. ज्या साहेबांच्या टेबलाशी हा चहा प्यायचा, ते म्हणाले, “इथे पन्नास जण येतात. आम्ही पाठवला होता का तुमच्याकडे?” बरोबर आहे, पाठवला नव्हता. पण त्याला बसायला खुर्ची कोण देत होतं?

झेरॉक्सवरचा परवाना नंबर घेऊन शेवटी मूळ मालकाचा पत्ता काढला. शेजारच्या तालुक्यातले वयस्कर गृहस्थ, काम कधीच बंद केलेलं. माझं ऐकून ते रडकुंडीला आले. “माझ्या लायसनवर कुठे कुठे कामं चाललीत, मलाच माहीत नाही. असा फोन करणारे तुम्ही तिसरे.” हे मी आधी करायला हवं होतं. परवान्यावर नाव असतं त्या माणसाला एक फोन. परवाना देणारं मंडळ चेंबूरला बसतं, तिथेही नंबर विचारता येतो. जीएसटी नंबर सांगत असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. मी मात्र बिलच नको म्हटलं होतं.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी पाचशेच्या स्टँपवरचा करारनामा उलटसुलट पाहिला. हो, करारनामाही केला होता, त्यानेच स्वतःहून करून दिला. किती प्रामाणिक माणूस, असं तेव्हा वाटलं होतं! हवालदार म्हणाले, “करार आहे म्हणजे दिवाणी मॅटर आहे. कोर्टात जा.” मी म्हटलं, खोटी डिमांड नोट बनवलीय, ही सरळ फसवणूक आहे. पूर्वीचं चारशेवीस, आता न्याय संहितेचं ३१८. तर म्हणाले, “तुम्ही वकील आहात का?” तिसऱ्या फेरीत अर्जावर पोच मिळाली. गुन्हा नाही, नुसती पोच. त्यातही मलाच विचारलं, एवढे पैसे बिलाशिवाय दिलेच कसे?

विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जायला जिल्ह्याला निम्मा दिवस मोडला. तिथल्या बाईंनी निदान नीट ऐकून घेतलं. माझ्या नावे कुठलीच फी आलेली नाही. सरकारी फी राज्य सरकारच्या ‘ग्रास’ पोर्टलवर चलनाने भरतात, कुणाच्या हातात रोख नाही आणि कुणाच्या खात्यावरही नाही. पुढे काय, तर, “लेखी द्या. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर कारवाई होईल.” म्हणजे त्या म्हाताऱ्यावर! पैसे खाल्ले त्याच्याकडे परवानाच नाही, मग तो रद्द कसा करणार? वीज कंपनी म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात कोर्टात जा, निरीक्षक म्हणतात परवाना आमचा, पैसे तुमचे. गाळ्याचं भाडं मात्र सगळ्यांच्या आधी एक तारखेला हजर.

निदान वायरिंग तरी झालंय, असं मनाला समजावत होतो. मग जो आधी महाग वाटला होता त्याच ठेकेदाराला बोलावलं. खाली मान घालून. त्याने बोर्ड उघडून वायर बाहेर ओढली. मोटरसाठी चार स्क्वेअर मिलिमीटरच्या जाड वायरचे पैसे घेतले होते, आत अडीचची होती. तिच्यावरचा आयएसआयच्या खालचा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला तर असा परवानाच निघेना. दोन मिनिटांचं काम आहे हे, कॉइल गाळ्यावर उतरते तेव्हाच करा. मग त्याने विचारलं, “मेगर लावला होता का त्याने?” मेगर हा शब्दच मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इन्सुलेशन तपासायचं यंत्र. त्याच्या रीडिंगशिवाय टेस्ट रिपोर्ट भरता येत नाही. माझ्या रिपोर्टवर आकडे होते, ते हॉटेलात वडापाव खाताना माझ्यासमोर भरलेले.

शेवटी मागच्या बाजूला अर्थिंग बघायला गेलो. वर सिमेंटची छान चौकट, झाकण, त्यावर लाल रंग. त्याने झाकण काढलं आणि पाइप एका हाताने उपटला, मुळा उपटावा तसा. कोळसा नाही, मीठ नाही, नुसती माती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोन बायका ओल्या हाताने त्या कांडपाला हात लावणार होत्या. इथे मात्र मी खाली बसलो. तोवर पैशांचाच राग होता.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी निदान वाट दाखवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. करारनामा, यूपीआयचे स्क्रीनशॉट, खोटी डिमांड नोट, सगळं जोडलंय. रोख दिलेल्या २२,००० आणि १२,५०० ला पुरावा नाही, वकील म्हणतात ते विसरा. घाणे अक्षय्य तृतीयेनंतर सुरू झाले, १,९१,१६० देऊन, बिलासकट.

पाइप फेकलेला नाही. गाळ्यात दाराआड उभा आहे. तारीख लागली की पिशवीत घालून आयोगात नेणार. दोन फूट एक इंच, टेपने मोजलाय.