१४ तारखेनंतर स्वतःहून फोन करणारे करसल्लागार

आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेन, कंपासपेट्या, ऑफिसच्या फायली. जीएसटीचं काम तीन वर्षांपासून एका करसल्लागारांकडे आहे, महिन्याला पंधराशे रुपये घेतात. आधीचे सल्लागार आठशेत करायचे, पण तेच मला महाग पडले.

मी घाऊक व्यापाऱ्याकडून १०,००० रुपयांचे पेन घेतले की १८ टक्क्यांनी १,८०० रुपये कर त्याला देते. तेच पेन १२,०००ला विकले की गिऱ्हाइकाकडून २,१६० रुपये कर येतो. खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळतं, म्हणून सरकारकडे भरायचे फक्त मधले ३६०. पण व्यापाऱ्याने माझं बिल त्याच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, दाखवलंच नाही, तर ते माझ्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या माझ्या क्रेडिटच्या यादीत, उतरत नाही, क्रेडिट हुकतं आणि पूर्ण २,१६० भरावे लागतात. व्यवहारातला नफा २,००० आणि त्यातले १,८०० असेच गेले.

आधीचे सल्लागार २० तारखेला माझ्या खरेदीची बेरीज मागायचे आणि ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र, भरून मोकळे व्हायचे. २बी कधी उघडून पाहिलं नाही. मग नोटीस आली, घेतलेलं क्रेडिट १८ टक्के व्याजासह परत भरलं. माल खरा, बिलं खरी, व्यापाऱ्याला पैसेही पोचलेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आताचे सल्लागार १४ तारखेला २बी आलं की माझ्या खरेदीशी एकेक बिल ताडून बघतात. "ताई, या दोघांची बिलं दिसत नाहीत, आजच फोन लावा." मग त्या व्यापाऱ्यांनी पुढच्या महिन्यात दाखवलं तरी क्रेडिट येतं. नव्या व्यापाऱ्याचे कराएवढे पैसे बिल २बीत दिसेपर्यंत रोखून धरायचे, हेही त्यांनीच शिकवलं.

त्यांची खरी किंमत कळली ती सप्टेंबर २०२५मध्ये. २२ तारखेपासून पेन्सिल, शार्पनर, खोडरबर आणि वह्यांवरचा कर शून्य होणार होता. गिऱ्हाइकं खूश, मीही खूश. यांनी मात्र आठवडाभर आधीच बजावलं की २१च्या रात्री दुकानात असलेल्या या मालाचं क्रेडिट परत करावं लागेल, मोजून ठेवा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी आणि मुलगा रात्री अकरापर्यंत गठ्ठे मोजत होतो. वह्यांवर दिलेला १२ टक्के कर आता माझ्या खरेदीतच धरायचा होता. आधी कळलं नसतं, तर गिऱ्हाइकाला पूर्ण १२ टक्के उतरवून देऊन तोटा केला असता.

कंपोझिशनबद्दलही, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेबद्दलही, त्यांनी नीट समजावलं. विक्रीच्या एक टक्का भरून सुटता येतं, पण बिलावर कर लावता येत नाही आणि खरेदीचं क्रेडिटही मिळत नाही. माझ्याकडून फायली घेणाऱ्या ऑफिसांना करासकट बिल हवं असतं, म्हणून आम्ही त्यात गेलो नाही.

तक्रार एकच. १८ ते २० तारखेला ते फोन उचलत नाहीत, आणि मला शंका नेमकी तेव्हाच येते. हाताखालच्या मुलीला सगळं माहीत नसतं. आता मी प्रश्न वहीत लिहून १५ तारखेलाच विचारते.