मूळ कुंग फू की परदेशासाठी कातरलेला? बघण्याआधी वाचा

इंदिरानगरच्या एका कराटे क्लासला सुटीत मुलांना मार्शल आर्टचा एखादा चांगला पिक्चर दाखवायचाय. हॉल ठरला, प्रोजेक्टर मिळाला, पालकही यायला तयार आहेत. घोडं अडलंय कॉपीवर. एकाच पिक्चरच्या दोन-तीन कॉप्या सापडतात. एकीची लांबी कमी, दुसरीचं संगीत निराळं, तिसरीचा शेवटच गायब. क्लासच्या सरांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितोय, कारण रविवारी घरच्या टीव्हीसमोर बसणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो.

'मूळ तेवढं अस्सल, परदेशी तेवढं भ्रष्ट' असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अमेरिकन वितरक हाँगकाँगचा किंवा थायलंडचा पिक्चर विकत घेतो तो मारामारीसाठी. त्यामुळे त्याची कात्री मारामारीला सहसा हात लावत नाही. ती चालते मारामारीच्या कारणावर. बापाने दिलेली ताकीद, गावच्या हत्तीवरची माया, गुरूने सांगितलेली चार वाक्यं, असलं सगळं त्याला पाल्हाळ वाटतं. म्हणून आधी एवढंच ठरवा: तुम्हाला नुसती हाणामारी बघायचीय, की ती कशापायी चाललीय हेही कळायला हवंय?

थाई 'टॉम-यम-गूंग' घ्या. 2005 चा पिक्चर, नायक टोनी जा. हत्तींची राखण करणाऱ्या घराण्यातला पोरगा, त्याचे हत्ती पळवले जातात, आणि तो त्यांच्या मागावर थेट सिडनीला पोचतो. मूळ लांबी साधारण 110 मिनिटं. अमेरिकेत 2006 मध्ये 'द प्रोटेक्टर' या नावाने आला तेव्हा त्यातली पंचवीसेक मिनिटं उडाली होती आणि संगीत रॅपर रिझाचं होतं. ज्या प्रसंगासाठी हा पिक्चर ओळखला जातो, म्हणजे टोनी जा हॉटेलचा गोल जिना मजल्यामागून मजला चढत, माणसं फेकत वर जातो आणि कॅमेरा चारेक मिनिटं एकदाही न थांबता त्याच्या मागे राहतो, तो दोन्हीकडे शाबूत आहे. पातळ झालं ते त्याआधीचं गावातलं जगणं. मूळ कॉपीत हत्ती घरातलं माणूस असतो. अमेरिकन कॉपीत तो चोरीला गेलेला माल होतो, आणि मग शेवटी एकामागून एक हात-पाय मोडणारा नायक जरा माथेफिरूच वाटायला लागतो. मित्रमंडळी जमून आरडाओरडा करत बघणार असतील तर छोटी कॉपी चालेल. एकट्याने बघायचा असेल तर थाईच घ्या.

शोधताना एक खड्डा आहे. 'द प्रोटेक्टर' नावाचा जॅकी चॅनचाही एक पिक्चर आहे, 1985 चा, आणि त्याची कथा बरोब्बर उलटी आहे. तो मुळात अमेरिकन दिग्दर्शक जेम्स ग्लिकनहाउस यांचा. जॅकीला तो पटला नाही. हाँगकाँगच्या प्रदर्शनासाठी त्याने नग्नदृश्यं काढली, एक उपकथानक घातलं आणि शेवटची मारामारी नव्याने घेतली. म्हणजे इथे 'परदेशासाठी बदललेली' कॉपी हाँगकाँगची, आणि तीच दोघींत बरी. मूळ म्हणजे चांगलं, हे सूत्र इथे कोलमडतं.

आता ज्यावर सर्वांत जास्त वाद होतात तो 'ड्रंकन मास्टर 2'. हाँगकाँगमध्ये 1994 साली आला, अमेरिकेत 2000 साली 'द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर' म्हणून. जॅकी चॅन चाळिशीच्या उंबरठ्यावर, दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग, आणि नायक वाँग फेई-हुंग, जो दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि कुंग फूचा उस्ताद होता. इंग्रज वकिलातीतले लोक चीनचा पुरातन ठेवा चोरून बाहेर नेतायत, त्यांना हा अडवतो. सावत्र आईच्या भूमिकेत अनिता मुई. ती जॅकीपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि बाप झालेला टी लुंग त्याच्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठा. आपल्या मराठी-हिंदी पिक्चरांवर वाढलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

अमेरिकन कॉपीत तीन गोष्टी बदलल्या: सगळे संवाद इंग्रजी झाले, पार्श्वसंगीत नवं आलं, आणि शेवटचा प्रसंग कापला गेला. पहिल्या दोन गोष्टींवर फार डोकं फोडू नये असं मला वाटतं, अनिता मुईच्या संवादांचं सोडून. तिचा विनोद बोलण्याच्या वेगात आहे. लोकांसमोर सोज्वळ गृहिणी, पाठ वळताच फर्डी जुगारी. तिचा आवाज बदलला की अर्धं हसू जातं.

तिसऱ्या गोष्टीचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. पोलाद कारखान्यातल्या अंतिम लढतीत वाँग कारखान्यातलं औद्योगिक अल्कोहोल पितो आणि त्या जोरावर जिंकतो. हाँगकाँगच्या कॉपीत पुढे एक छोटासा प्रसंग येतो, ज्यात त्या विषाने त्याची काय दशा झालीय ते दिसतं. तो प्रसंग विनोदी म्हणून रचलाय आणि चवीला वाईट आहे, एखाद्या अपंगाची नक्कल करून हसवावं तसा. अमेरिकन वितरकाने तो कापला यात आश्चर्य नाही. पण पूर्ण पिक्चरभर बाप मुलाला एकच गोष्ट बजावत असतो: पिऊन लढू नकोस, पाण्यावर नाव तरते आणि पाण्यातच बुडते. शेवट कापला की बाप खोटा ठरतो. विष प्यालं, लढाई जिंकली, संपलं. चवीला वाईट असलेला शेवट मला त्या निर्मळ खोटेपणापेक्षा परवडतो. घरी बघणाऱ्या मोठ्या माणसाने हाँगकाँगची कॉपी घ्यावी. दहा वर्षांच्या मुलांच्या क्लासमध्ये, पालक बाजूला बसलेले असताना, दोन्हींपैकी कुठलीच नको.

डबिंगचा मुद्दा निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाकू. 'मला मूळ आवाजातच बघायचंय' असं म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की सत्तरच्या दशकातल्या हाँगकाँगच्या पिक्चरांना मूळ आवाज असा नव्हताच. सेटवर कुणी कँटनीज बोले, कुणी मँडरिन, दोन्ही चिनी भाषाच. आवाज नंतर स्टुडिओत भरला जाई, तोही बहुधा दुसऱ्याच कलाकारांचा. ब्रूस लीच्या हाँगकाँगमधल्या पहिल्या पिक्चरांत मँडरिन बोलणारा माणूस ब्रूस ली नाही. त्याचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर 1973 चा इंग्रजी 'एंटर द ड्रॅगन' बघावा लागतो, म्हणजे हॉलिवूडचा. तेव्हा जुन्या पिक्चरांचं हिंदी डबिंग बघायला लाजू नका. मराठी माध्यमातल्या चौथीच्या मुलाला इंग्रजी सबटायटल वाचत मारामारी बघायला लावणं म्हणजे दोन्हींकडून त्याचं नुकसान. मात्र नव्वदनंतर हळूहळू कलाकारांचे आवाज चित्रीकरणातच घ्यायला सुरुवात झाली, आणि त्या पिक्चरांना डबिंग जास्त जाचतं.

आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना हा ताप नव्हता. मूकपट, पाट्या बदलल्या की पिक्चर परमुलखात चालायला मोकळा.

क्लाससाठी मी 'आयर्न मंकी' सुचवला. 1993 चा, दिग्दर्शक युएन वू-पिंग. दिवसा गरिबांवर उपचार करणारा वैद्य, रात्री भ्रष्ट अधिकाऱ्याला लुटणारा मुखवटाधारी. इथेही वाँग फेई-हुंग आहे, पण लहानगा, आणि त्याचा बाप झालाय डॉनी येन. त्या छोट्या मुलाचं काम केलंय त्सांग झे-मान या मुलीने, आणि काठी अशी फिरवलीय की क्लासमधल्या मुली जागच्या उठतील. जळत्या खांबांवरची शेवटची लढत मुलांना झेपते, रक्त बेताचं.

हा पिक्चर अमेरिकेत 2001 साली आला तेव्हा चिनी भाषा आणि सबटायटल तसेच ठेवले होते. बदल झाला तो कानांसाठी. हाँगकाँगच्या पिक्चरांत हात हवेत फिरला तरी 'सुऽप्' वाजतं, बाही फडफडली तरी चाबूक ओढल्यासारखं. अमेरिकन कॉपीत ते आवाज मवाळ केले, संगीत नवं दिलं, आणि वाँग फेई-हुंग पडद्यावर आला की चिनी प्रेक्षक ज्या पारंपरिक सुरावटीने त्याला ओळखतो तीही गेली. थोडी काटछाटही झाली. आपल्याकडे ढिशुम-ढिशुमवर वाढलेल्या प्रेक्षकाला मवाळ ठोसे मिळमिळीत वाटतील असा माझा अंदाज. पण कथा दोन्हींकडे तीच, कारण दोन्हींकडे तेच. हाँगकाँगची मिळाली तर उत्तम, अमेरिकन मिळाली तरी मुलांचं काही बिघडत नाही. कापलेल्या कॉपीबद्दल असं मी एरवी म्हणत नाही. 'ओंग-बाक' या 2003 च्या थाई पिक्चरचंही फ्रेंच वितरकाने संगीत बदललं होतं, तिथे मला रॅपचा अगदी वैताग आला.

इंग्लंडची गोष्टच वेगळी. तिथे कथा कापली नाही, हत्यार कापलं. जेम्स फर्मन नावाचे गृहस्थ 1975 ते 1999 ब्रिटिश सेन्सॉर मंडळाचे प्रमुख होते. पोरं रस्त्यावर नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्या, फिरवायला लागतील या धास्तीने ब्रूस लीच्या पिक्चरांतले नानचाकूचे तुकडेच्या तुकडे काढले गेले. कळस म्हणजे निन्जा कासवांच्या दुसऱ्या पिक्चरमध्ये एक कासव सॉसेजची माळ नानचाकूसारखी फिरवतं, तेही कापलं. कराटे क्लासला ब्रूस ली दाखवायचा तर जुनी ब्रिटिश कॉपी घेऊच नका, ज्यासाठी मुलं बसणार तेच त्यात नाही. फर्मन गेल्यानंतरच्या कॉप्यांत नानचाकू परत आलेत. 'एंटर द ड्रॅगन'पुरतं आणखी एक बघा. 1998 मध्ये पंचविशीनिमित्त निघालेल्या आवृत्तीत सुरुवातीला ली आणि शाओलिन मठातल्या गुरूंचा संवाद जोडलाय, तीनेक मिनिटांचा. मारामारी शून्य, पण अख्खा पिक्चर त्या संवादावर उभा आहे.

ब्रूस लीचीच दुसरी टोकाची कथा 'गेम ऑफ डेथ'. त्याने 1972 मध्ये पॅगोडातल्या लढतींचं चित्रीकरण केलं, मध्येच 'एंटर द ड्रॅगन' आला आणि 20 जुलै 1973 ला तो गेला, वयाच्या 32 व्या वर्षी. 1978 साली वेगळीच कथा रचून, त्याच्यासारखे दिसणारे लोक उभे करून पिक्चर पुरा केला गेला. एका ठिकाणी आरशावर त्याच्या चेहऱ्याचा कापलेला फोटो चिकटवलेला दिसतो. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंही वापरलीयत. तो पिक्चर मला तरी बघवत नाही. 2000 साली निघालेल्या एका माहितीपटात त्याने घेतलेलं मूळ चित्रीकरण सलग लावलंय, पॅगोडाच्या मजल्यांसकट. तेवढंच बघा.

वाँग कार-वाईचा 'द ग्रँडमास्टर' (2013) निवडायचा असेल तर लांबीवरून ओळखा: चिनी 130 मिनिटांचा, अमेरिकन 108. अमेरिकन कॉपीत काळाचा क्रम सरळ केलाय आणि समजावणाऱ्या पाट्या घातल्यात. हे काम खुद्द दिग्दर्शकानेच केलंय, त्यामुळे वितरकाला शिव्या घालता येत नाहीत. पिक्चरचा नायक इप मॅन, म्हणजे ब्रूस लीचा गुरू, हे ज्याला ठाऊकच नाही त्याला छोटी कॉपी सोपी जाईल. स्टीफन चाऊचा 'शाओलिन सॉकर' मात्र 87 मिनिटांचा, म्हणजे कापलेला अमेरिकन, दिसला तर सोडून द्या. विनोदाला दम धरायला जागा लागते, ती त्यात उरलेली नाही.

या सगळ्या कापाकापीमागे एक समज होता: अमेरिकन माणूस सबटायटल वाचत नाही. 2000 साली 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' मँडरिनमध्येच, सबटायटलसह, तिथल्या थिएटरांत गेला आणि 12 कोटी डॉलरच्या वर कमावून बसला, वर चार ऑस्कर. तरीही कात्री थांबली नाही, हे वरच्या तारखांवरून दिसतंच.

आता डिस्क घेणार असाल तर. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत: अमेरिका आणि हाँगकाँगची डिस्क ए मध्ये येते, ब्रिटनची बी, आपली सी. नातेवाइकाकडून अमेरिकेहून मागवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही, पाठीवरचं चिन्ह आधी बघायला सांगा. डीव्हीडीचा घोळ निराळा. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, त्यात सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रचौकटी पळतात, म्हणून पिक्चर चार टक्क्यांनी लवकर संपतो. कुणी काहीही कापलेलं नसतं. 'टॉम-यम-गूंग'च्या पाल डीव्हीडीवर 105-106 मिनिटं दिसली तर निर्धास्त घ्या. पंच्याऐंशीच्या आसपास दिसली तर दुकानदाराला तिथल्या तिथे परत करा.