मिडसाइज पिकअपमागे राहण्याचा ट्रेलर १८ फुटी की २४ फुटी?

टोयोटा टॅकोमा ६,५०० पौंडांपर्यंत ओढते, फोर्ड रेंजर ७,५००, शेवरले कोलोरॅडो ७,७००, होंडा रिजलाइन ५,०००. जाहिरातीतले हे आकडे खोटे नाहीत. बहुतेक कंपन्या ते एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या चाचणीपद्धतीने काढतात. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली न जाऊ देता पार करावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा कस त्यात नीट लागतो. पण या हिशेबात गाडीत माणसं दोनच धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि सामान जवळजवळ शून्य. शिवाय हे आकडे त्या त्या मॉडेलच्या सगळ्यात जास्त ओढू शकणाऱ्या आवृत्तीचे असतात. रेंजरचीच रॅप्टर आवृत्ती घेतली, तर ७,५००चे ५,५१० होतात.

आता निवड करायची आहे ती दोन ट्रेलरांतून. पहिला एका ॲक्सलचा, साधारण १८ फुटी, रिकामा ३,००० पौंड, भरून जास्तीत जास्त ३,८५०. दुसरा दोन ॲक्सलचा, २४ फुटी, रिकामा ४,७०० आणि भरून जास्तीत जास्त ६,०००. कोलोरॅडो किंवा रेंजरच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर दोन्ही आरामात बसतात, आणि विकणाराही तेच सांगेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: चौघांच्या कुटुंबाने १८ फुटी घ्यावा. २४ फुटी ट्रेलर मिडसाइज पिकअपमागे फक्त दोघांनी, तेही बेताच्या सामानात न्यावा. आणि तो घ्यायचाच असेल, तर गाडी बदलण्याचा विचार आधी करावा.

कारण पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर वाहू शकते ते वजन. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा सरासरी आकडा नसतो, तुमच्याच गाडीचा असतो. चार दारांच्या मिडसाइज पिकअपमध्ये तो बहुधा १,००० ते १,६०० पौंडांच्या मधे कुठेतरी पडतो. ट्रेलरची पुढची दांडी हिचवर (ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या जोडावर) जितकं वजन खाली दाबते, ते टंग वेटही याच आकड्यातून वजा होतं. खरेदीच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. ट्रेलरचे डावी-उजवीकडचे हेलकावे टाळायचे तर टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, म्हणून ते मुद्दाम कमी ठेवून पेलोड वाचवण्याची पळवाटही बंद आहे.

समजा स्टिकरवर १,२५० पौंड आहेत आणि गाडीत दोन मोठी माणसं, दोन मुलं. टंग वेट १३ टक्के धरू.

| पौंडांत | १८ फुटी (भरून ३,७००) | २४ फुटी (भरून ५,७००) |
|---|---|---|
| टंग वेट | ४८० | ७४० |
| हिचचं सामान | ६० | ९० |
| माणसं | ४८० | ४८० |
| हौद्यातलं सामान | १५० | १५० |
| एकूण | १,१७० | १,४६० |

पहिल्यात ८० पौंड शिल्लक राहतात, दुसऱ्यात २१० जास्त होतात. कोलोरॅडो किंवा रेंजरची ओढण्याची मर्यादा मात्र दोन्हीकडे निदान १,८०० पौंडांनी दूर आहे. तोच २४ फुटी ट्रेलर दोघंच घेऊन गेले (३३० पौंड) आणि हौद्यात ५०च पौंड ठेवले, तर बेरीज १,२१० येते. बसतो, पण एक भरलेली कूलपेटी जास्तीची टाकली की संपलं.

विकणाऱ्याच्या कागदावर २४ फुटी ट्रेलरचं टंग वेट ५२०च्या आसपास दिसेल. तो आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात दांडीवरची बॅटरी आणि गॅसच्या टाक्या बऱ्याचदा धरलेल्या नसतात. २० पौंडी गॅसची एक टाकी भरली की टाकीसकट ३७ पौंडांच्या आसपास जाते, आणि टाक्या असतात दोन, त्याही थेट दांडीवर. पाण्याचंही तसंच. ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड वाढले. टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. म्हणून ट्रेलर बघायला जाल तेव्हा खाली वाकून पाण्याची टाकी कुठे आहे ते बघा. आतल्या पलंगाच्या गादीपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

इथे वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा विषय निघतोच. या हिचच्या लांब सळया ताणल्या की पिकअपच्या मागच्या ॲक्सलवरचा भार थोडा पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर सरकतो. गाडीचं मागचं अंग खाली बसत नाही, पुढच्या चाकांची पकड परत येते, स्टिअरिंग हलकं लागत नाही. २४ फुटीला हे हिच हवंच. १८ फुटीलाही मी ते लावेन, कारण ४८० पौंड टोकावर लोंबकळत ठेवण्यात काही शहाणपण नाही. पण 'हे हिच लावलं की पेलोड वाढतो' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. भार सरकतो, स्टिकरवरचा आकडा जागचा हलत नाही. काही गाड्यांना कंपनी अशा हिचची शिफारसच करत नाही, तेव्हा गाडीची पुस्तिका आधी उघडावी. हिच ज्या चौकोनी नळीत बसतं, त्या रिसीव्हरच्या लेबलवर बहुधा दोन मर्यादा असतात, एक साध्या हिचची आणि एक या हिचची. दोन्ही वाचाव्यात.

लांबीचं काय? एक ठोकताळा सांगतात: ११० इंच व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला) २० फुटी ट्रेलर, आणि पुढे दर चार इंचांना एक फूट. त्या हिशेबाने १३१ इंचांची पिकअप २५ फुटी ट्रेलरलाही चालावी. मला हा ठोकताळा आवडत नाही, कारण त्याला गाडीचं वजन ठाऊकच नाही. माणसं-सामानासकट मिडसाइज पिकअप ५,५०० ते ६,००० पौंडांच्या घरात जाते. मागे ३,७०० पौंड असतील तर गाडी ट्रेलरपेक्षा स्पष्टपणे जड राहते. मागे ५,७०० असतील तर दोघे बरोबरीत येतात, आणि बाजूने मोठा ट्रक गेला किंवा पुलावर आडवा वारा लागला की २४ फुटांची भिंत गाडीचं मागचं अंग ढकलू लागते.

हेलकाव्यांच्या बाबतीत मात्र १८ फुटीच्या मालकाने निश्चिंत राहू नये. छोट्या ट्रेलरचा तोल लवकर बिघडतो. मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावला, रॅक आणि दोन सायकली मिळून १०० पौंड, ॲक्सलपासून ९ फूट मागे. दांडीचं टोक ॲक्सलच्या १२ फूट पुढे असेल, तर टंग वेट ७५ पौंडांनी उतरतं: ४८०वरून ४०५. ट्रेलर आता ३,८०० पौंडांचा झाला, म्हणजे १३ टक्क्यांवरून आपण १०.७वर आलो. त्यात मागच्या कपाटात डबाबंद जिन्नस आणि अवजारं भरली की १०च्या खाली. जड सामान ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावं. सायकली शक्य तर गाडीच्या हौद्यात.

हेलकावे सुरू झालेच तर पायातला ब्रेक जोरात दाबू नये आणि वेग वाढवून निसटायलाही बघू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ही कळ कुठे आहे ते निघण्याआधी हाताला सवयीचं झालेलं असावं.

ब्रेकवर फार बोलायची गरज नाही. दोन्ही ट्रेलरांना इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि दोन्हींना गाडीत कंट्रोलर लागतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, काही ठिकाणी त्याआधीच. कंट्रोलर घेताना गाडी जितक्या जोरात थांबते तितकेच ट्रेलरचे ब्रेक लावणारा, म्हणजे प्रपोर्शनल प्रकारचा घ्यावा. ठरावीक वेळाने ठरावीक जोर लावणारे स्वस्त असतात आणि उतारावर तसेच वागतात.

इंधनाच्या बाबतीत छोटा ट्रेलर तुमची निराशा करील. हमरस्त्यावर सगळा मामला हवेशी असतो, आणि दोघांचं समोरचं तोंड जवळजवळ सारखंच आहे: उंची दहा फुटांच्या आसपास, रुंदीत एखाद्या फुटाचा फरक. कुठलाही ओढलात तरी ॲव्हरेज निम्म्याच्या आसपास उतरेल. वेगाचा परिणाम त्याहून मोठा. ताशी ६० मैलांवरून ७० वर गेलात की हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी वाढतो आणि त्याला लागणारी ताकद जवळपास ५९ टक्क्यांनी. शिवाय ट्रेलरच्या खास टायरांवर वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर मर्यादा साधारण ६५ मैल समजतात.

वजनाचा फरक जाणवतो तो चढावर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. ८,००० फुटांवर जवळपास पाव भाग गेला. निसान फ्रंटियर, जीप ग्लॅडिएटर आणि रिजलाइन यांच्या व्ही६ इंजिनांना टर्बो नाही. नव्या टॅकोमा, रेंजर आणि कोलोरॅडोत टर्बो आहे, त्यामुळे उंचावर त्या कमी दमतात. डोंगरात फिरायचं असेल तर टर्बो नसलेल्या गाडीमागे २४ फुटीचा विचारही करू नका, भले आकड्यात बसो.

२४ फुटीच्या बाजूने बोलायचं तर दोन ॲक्सल ही खरी जमेची गोष्ट आहे. एक टायर फुटला तर बाकीचे तीन ट्रेलर सावरून धरतात. एका ॲक्सलवर तसं झालं की ट्रेलर एका अंगाला बसतो. खड्ड्यांतून दोन ॲक्सलचा ट्रेलर कमी नाचतो. उलट एका ॲक्सलचा हाताने ढकलून जागेवर लावता येतो, आणि टायर, बेअरिंग, ब्रेक सगळ्यांचा खर्च निम्मा. आत मुलांना वेगळे पलंग, न मोडावं लागणारं जेवणाचं टेबल, उभं राहून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर, हे सगळं २४ फुटांतच सुखाने मिळतं. पावसाळी दिवस आत काढायचे असतील तर ही चैन नव्हे, हे मला मान्य आहे.

म्हणून मोठा ट्रेलर खरंच हवा असेल तर पूर्ण आकाराची, 'अर्ध्या टनाची' म्हणतात ती पिकअप बघा. व्हीलबेस १४५ इंचांच्या आसपास, पेलोड बऱ्याचदा १,५०० ते १,९००. मात्र तिथेही दाराचा स्टिकर वाचल्याशिवाय सही करू नका. पॅनोरॅमिक काच, चामड्याच्या सीट, मोठी चाकं लावलेल्या महागड्या आवृत्त्यांचा पेलोड कधीकधी १,३००वर आलेला असतो, आणि मग मोठी गाडी घेऊनही तुम्ही आहात तिथेच राहता.

ट्रेलर घरी आला की सामान भरून, टाकीत पाणी घालून, सगळ्यांना बसवून ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. तीन वजनं घ्यायची: सळया ताणून ट्रेलरसकट, सळया सोडून ट्रेलरसकट, आणि ट्रेलर सोडून नुसती गाडी. दुसऱ्या वजनातल्या गाडीच्या दोन ॲक्सलांच्या बेरजेतून नुसत्या गाडीचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. पहिल्या वजनात पुढच्या ॲक्सलवर किती भार परत आला ते कळतं, आणि मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडता येतो. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली आलं तर सामान पुढे सरकवा. बेरीज पेलोडच्या वर गेली तर आधी हौदा रिकामा करा, मग पाण्याची टाकी मुक्कामावर भरा, आणि तरीही भागलं नाही तर कुणीतरी दुसऱ्या गाडीने यायचं.