पास्ट परफेक्ट शिकण्यासाठी मर्फींचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज': कुठे पुरतं, कुठे कमी पडतं

रेमंड मर्फी यांचं हे पुस्तक पहिल्यांदा आलं १९८५ मध्ये. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या पाचव्या आवृत्तीत (२०१९) १४५ घटक आहेत: डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. सगळ्या पुस्तकाचं मूल्यमापन इथे करायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की पूर्ण भूतकाळाचं, म्हणजे पास्ट परफेक्टचं ('हॅड लेफ्ट'सारखं) क्रियापद क्रियाविशेषणांशी आणि बाय, फॉर, सिन्स, अन्टिल अशा प्रिपोझिशनांशी नीट जोडायला हे पुस्तक एकट्याने शिकवतं का. रूप आणि शब्दांची जागा ते फार चांगली शिकवतं. पण वाक्यातली वेळ नेमकी कशाला लागू होते, हा भाग वाचणाऱ्याला स्वतः भरून काढावा लागतो.

पहिली अडचण मांडणीची. पास्ट परफेक्ट १५व्या घटकात आहे आणि त्याचं कंटिन्युअस रूप १६व्या. त्याला लागणारी क्रियाविशेषणं मात्र थेट ११०व्या आणि १११व्या घटकात भेटतात, तर बाय आणि अन्टिल १२०व्यात. फॉर आणि सिन्स १२व्या घटकात आहेत, पण प्रेझेंट परफेक्टच्या सोबतीने. पानं क्रमाने उलटत गेलं तर १५ आणि ११० यांचं नातं लक्षातच येत नाही. म्हणून १५, ११०, १११, १६, १२, १२० असा क्रम लावावा आणि त्यानंतर 'इफ आय हॅड नोन'चा ४०वा घटक घ्यावा.

११०वा घटक या पुस्तकातला सर्वांत कामाचा घटक म्हणता येईल. क्रियापद एकाहून जास्त शब्दांचं असेल तर ऑलवेज, ऑल्सो, प्रॉबब्ली यांसारखं क्रियाविशेषण पहिल्या शब्दानंतर येतं, हा तिथला नियम पास्ट परफेक्टला तंतोतंत लागू पडतो: 'द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट', 'दे हॅड नेव्हर मेट'. कर्मणी प्रयोगात हॅड आणि बीन असे दोन साहाय्यक शब्द असले तरी ऑलरेडी हॅडलाच चिकटतं: 'द गेट हॅड ऑलरेडी बीन क्लोज्ड'. क्रिया कशी झाली हे सांगणारं क्रियाविशेषण मात्र मुख्य क्रियापदाशेजारी सरकतं: 'द रूफ हॅड बीन बॅडली डॅमेज्ड'. हा फरक वेगळा लिहून ठेवावा, कारण बॅडली उचलून हॅडनंतर ठेवलं की वाक्य अवघडतं. १०९वा घटक क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घालू नये असं बजावतो. त्यामुळे 'हॅड रेड केअरफुली द लेटर' चूक. 'हॅड केअरफुली रेड द लेटर' किंवा 'हॅड रेड द लेटर केअरफुली' बरोबर. नकारात येट शेवटी जातं: 'द डॉक्टर हॅडन्ट अराइव्ह्ड येट'.

आता जिथे खरी भर घालावी लागते तो भाग. पास्ट परफेक्टच्या वाक्यात भूतकाळातले दोन क्षण असतात: एक क्रिया घडल्याचा आणि दुसरा, जिथे उभं राहून आपण मागे पाहतो तो. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये काळांची मांडणी केली ती बोलण्याचा, घटनेचा आणि संदर्भाचा अशा तीन बिंदूंवर. त्यातला संदर्भबिंदू ध्यानात घेतला की कोडं सुटतं. 'द मॅनेजर हॅड लेफ्ट अ‍ॅट सिक्स' या वाक्यातले सहा कशाचे? मॅनेजर सहाला निघाला असेल आणि आपण नंतर पोचलो असू; किंवा सहा वाजता आपण पाहिलं तेव्हा तो आधीच गेलेला असेल. वाक्य दोन्ही अर्थ पेलतं. 'अ‍ॅट सिक्स' उचलून सुरुवातीला ठेवलं, की ऐकणाऱ्याचा कल दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. संदिग्धता नकोच असेल तर संदर्भबिंदूसाठी 'बाय सिक्स द मॅनेजर हॅड लेफ्ट' लिहावं. घटनेच्या वेळेसाठी 'द मॅनेजर हॅड लेफ्ट अ‍ॅट सिक्स, अ‍ॅन अवर बिफोर वी केम'. १२०व्या घटकात 'बाय द टाइम'चा भूतकाळी वापर आहे, पण अ‍ॅट आणि बाय यांतला हा फरक पास्ट परफेक्टच्या संदर्भात उलगडलेला नाही. इतक्या चांगल्या पुस्तकात ही उणीव खटकते.

याच बिंदूमुळे आणखी एक गोष्ट समजते. प्रेझेंट परफेक्टला यस्टरडे किंवा इन १९९० असा ठरावीक काळ चालत नाही, पास्ट परफेक्टला चालतो: 'शी हॅड मेट हिम इन १९९०'. अगो मात्र आजपासून मोजलं जातं, म्हणून मागच्या काळातून मागे पाहताना 'थ्री इयर्स अगो'च्या जागी 'थ्री इयर्स अर्लिअर' किंवा 'थ्री इयर्स बिफोर' येतं. रिपोर्टेड स्पीचचे (दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगण्याचे) ४७ आणि ४८ घटक करताना ही अदलाबदल सोबत ठेवावी. नुसतं क्रियापद मागे नेलं आणि यस्टरडे तसंच राहिलं तर दिवस चुकतो. तिथे 'द डे बिफोर' हवं.

फॉरची गफलत सर्वांत जास्त होते आणि १२वा घटक वाचून ती टळत नाही. 'द नर्स हॅड वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स व्हेन द हॉस्पिटल क्लोज्ड' यात दहा वर्षं त्या बिंदूपर्यंत येऊन टेकतात, कारण वर्क ही चालू राहणारी क्रिया आहे. लीव्ह ही क्षणात संपणारी. त्यामुळे 'द गेस्ट हॅड लेफ्ट फॉर टू अवर्स' म्हटलं तर पाहुणा दोन तासांसाठी म्हणून बाहेर गेला होता असा अर्थ निघतो. जाऊन दोन तास झाले होते, असं म्हणायचं असेल तर 'द गेस्ट हॅड बीन गॉन फॉर टू अवर्स'. स्टार्ट, अराइव्ह, डाय यांच्यापुढे फॉर लिहिण्याआधी क्रिया ताणता येते का, एवढं तपासावं.

१५व्या घटकाच्या सरावात संदर्भबिंदू बहुतेकदा वाक्यातच दिलेला असतो. रिकाम्या जागेत हॅड भरणं जमतं, पण स्वतः लिहिताना हॅड हवंच का, हा निर्णय जमत नाही. मराठी वाचकाला हे विशेष नडतं. 'मी काल बँकेत गेलो होतो' हे आपलं सहज वाक्य, आणि त्याचं थेट 'आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे' होतं. मागे कोणताही दुसरा क्षण नसेल तर इंग्रजीला साधं 'वेंट' पुरतं. आधी-नंतरचा क्रम बिफोर किंवा आफ्टरने स्पष्ट असेल तेव्हाही हॅड ऐच्छिक असतं. व्हेनसोबत मात्र ते अर्थ बदलतं: 'व्हेन वी अराइव्ह्ड, द स्पीकर लेफ्ट' म्हणजे आपण आलो आणि वक्ता निघाला, 'हॅड लेफ्ट' म्हणजे तो आधीच गेलेला. बिफोरचं एक रूप चकवतं: 'द स्पीकर लेफ्ट बिफोर शी हॅड फिनिश्ड'. इथे हॅड नंतरच्या, पूर्ण न झालेल्या क्रियेला लागतं. हे वाक्य चूक नाही.

'हार्डली हॅड द मीटिंग बिगन व्हेन' आणि 'नो सूनर हॅड द मीटिंग बिगन दॅन' या उलट्या रचना शिकायला प्रगत पातळीचं पुस्तक घ्यावं. हार्डलीला व्हेन, नो सूनरला दॅन. ही जोडी फार जण मोडतात.

घ्यायचं तर उत्तरांसह येणारी प्रत घ्यावी, एकट्याने शिकताना तिच्याशिवाय भागत नाही. सरावाचं प्रत्येक वाक्य सोडवून झालं की संदर्भबिंदू दाखवणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढावी. असा शब्द सापडला नाही तर आधीचं वाक्य पाहावं. तिथेही नसेल तर हॅड काढून वाक्य पुन्हा लिहावं.