टायर लिव्हर कुठले घ्यावेत: साधे प्लॅस्टिक, रुंद प्लॅस्टिक, स्टील-कोअर की पूर्ण लोखंडी?

सायकलचं पंक्चर किट जमवताना लोक पंपाबद्दल खूप विचार करतात, ट्यूब कुठल्या कंपनीची तेही बघतात, आणि लिव्हर, म्हणजे टायर रिमवरून उचकटून काढायच्या पट्ट्या, मात्र काउंटरवर जे दिसतील ते उचलतात. पण स्पेअर ट्यूब आहे, पंप आहे आणि टायरच रिमवरून सुटत नाहीये अशी वेळ आली ना, की त्या दोन्हीचा काहीच उपयोग नाही. त्यात आपल्याकडे हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा आणि आत गावात शिरलं की बाभळीचे काटे, म्हणजे पंक्चर होणारच.

आधी तुमचा टायर आणि रिम बघा, लिव्हर त्यावर ठरतो. टायरच्या बाजूवर 32-622 असं काहीतरी छापलेलं असतं, त्यात 32 ही रुंदी आणि 622 म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. पण 622 सगळे सारखे निघत नाहीत. साध्या हायब्रिड सायकलचा मऊ टायर जरा जोर लावला की हातानेही सुटतो, कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन किंवा श्वालबेचा मॅरेथॉन प्लस मात्र कडक असतो, आणि असा टायर ट्यूबलेस-रेडी (म्हणजे ट्यूबशिवायही टायर चालेल अशा) रिमवर बसवला असेल तर अजूनच घट्ट.

साधे प्लॅस्टिकचे, तीनचा सेट. डिकॅथलॉनमध्ये किंवा कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात, हलके, स्वस्त, सॅडल बॅगेत जागाही घेत नाहीत. टोक पातळ असल्यामुळे कडेखाली पटकन घुसतं आणि शेपटीला हुक असतो तो स्पोकला अडकवला की हात मोकळे होतात. मऊ टायरला हे पुरेसे आहेत, उगाच महाग काही घेऊ नका. कडक टायरला मात्र हे वाकतात, आणि एकदा वाकून पांढरी रेघ उमटली की तो लिव्हर पुढच्या वेळी तिथूनच तुटणार असं समजा आणि बदलून टाका. पार्क टूलचा टीएल-1.2 याच प्रकारातला, तीनचाच सेट, पण प्लॅस्टिक जास्त चांगलं. श्वालबेचे निळे लिव्हर पण तीन येतात आणि ते रिमच्या कडेला क्लिपसारखे अडकतात, म्हणजे टायर चढवताना एका बाजूने चढवलं की दुसऱ्या बाजूने परत बाहेर येतं हा जो वैताग असतो तो वाचतो, एकट्याने काम करणाऱ्याला हे फार सोयीचं आहे.

रुंद आणि जाड प्लॅस्टिकचे. यात पेड्रोजचे लिव्हर प्रसिद्ध आहेत, जोडी मिळते, पिवळ्या-गुलाबी अशा भडक रंगात, त्यामुळे रात्री रस्त्याच्या कडेला गवतात पडले तरी टॉर्चमध्ये दिसतात. रुंदीमुळे जोर एका बिंदूवर येत नाही, पकडायला भरपूर जागा मिळते आणि टोक रिमला ओरखडे पाडत नाही. साध्यापेक्षा महाग आहेत, पण कंपनी तुटण्याची आयुष्यभराची वॉरंटी देते. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे, शाळा-कॉलेजची मुलं, साठीच्या पुढचे सायकलिस्ट, त्यांना मी आधी हेच सांगतो. एकच अडचण, टोक जरा जाड आहे, त्यामुळे अगदी घट्ट टायरमध्ये पहिल्यांदा आत सरकवायला थोडी खटपट होते, तिथे अंगठ्याने कड बाजूला दाबून धरायची.

स्टील-कोअर. आत स्टील, बाहेर नायलॉनचं कव्हर. पार्क टूलचा टीएल-6.3 हा याचा नमुना, दोनची जोडी. वाकत नाही, रिमला लागतं ते प्लॅस्टिकच, म्हणून अलॉय रिमला धोका नाही. पण वजन जास्त, आणि कव्हर घासून आतलं स्टील दिसायला लागलं की वापरणं थांबवायचं. घरी स्टँडवर काम करायला उत्तम, ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) घेऊन फिरायचं असेल तर ज्यांचे टायर खरंच हट्टी आहेत त्यांनीच घ्या.

पूर्ण लोखंडी. पंक्चरवाल्याकडे असतात तसे. जुन्या रोडस्टर सायकलला, ज्याचे रिम स्टीलचे आणि टायर 28 गुणिले दीड इंची म्हणजे 635 चा, तिथे हे मस्त चालतात. पण अलॉय रिमची कड यांनी चेपते, ट्यूबलेस रिमच्या आतली हवा अडवणारी टेप फाटली की हवा टिकत नाही आणि कार्बन रिमला तर हे लावूच नका, स्क्रू ड्रायव्हरही नाही. बाहेर पंक्चर काढून घेताना स्वतःचे लिव्हर पुढे करा आणि "काका, हे वापरा ना" म्हणा, कोणी नाही म्हणत नाही.

आता लिव्हर कुठलाही असो, अर्धं काम हाताचं असतं हे लक्षात घ्या. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, दोन्ही बाजूंच्या कडा सगळीकडून दाबून त्या खोलात ढकलल्या की टायरला तेवढी ढील मिळते आणि लिव्हरला लागणारा जोर खूप कमी होतो, आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि मग लिव्हर तुटला म्हणून कंपनीला शिव्या घालतात. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा बुंधा असतो त्यामुळे तिथे कड खोलात जात नाही, म्हणून चढवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध टोकाकडून करा, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना ते बघा. शेवटचा टप्पा शक्यतो तळहाताने, थोडं साबणाचं पाणी लावून. लिव्हरने चढवलं तर ट्यूब चिमटली जाते आणि नवी ट्यूब तिथल्या तिथे पंक्चर. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर डिस्कच्या विरुद्ध बाजूने लावा.

घ्यायचं काय? मऊ टायर आणि शहरात फिरणं असेल तर साधा तीनचा सेट. गेटरस्किन, मॅरेथॉन प्लस किंवा ट्यूबलेस रिम असेल, किंवा लांब राइड असेल, तर रुंद प्लॅस्टिकची जोडी बॅगेत आणि जमलं तर स्टील-कोअर घरी. आणि घेतल्यावर एकदा घरी, उजेडात, स्वतःच्याच चाकावर टायर काढून चढवून बघा, नाही जमलं तर दुकान जवळ आहे तोवरच लिव्हर बदलून घेता येतो.